उद्घाटनाच्या दिवशीच पुलाचा पहिला आकडा लिहून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या बातम्या येत राहतात आणि सोबतचा फोटो दरवेळी सारखाच, हेल्मेट घातलेले दोन-तीन साहेब पिलरखाली उभे, एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याचं बोट वर कुठेतरी. तो फोटो पाहिला की मला आधी हसू येतं आणि मग थोडी भीती वाटते. कारण सांगतो. मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत २५ वर्षांपासून रबर मोल्डिंगचं काम करून राहिलो. पुलाच्या गर्डरखाली, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या आडव्या तुळईखाली, काळे चौकोनी पॅड असतात ना, बेअरिंग म्हणतात त्याला, तसे पॅड आम्हीही बनवून दिलेत. निओप्रीन नावाच्या रबराचा एक थर, लोखंडी प्लेट, परत निओप्रीन, परत प्लेट, असा तो सँडविच प्रेसमध्ये दीडशे डिग्रीवर शिजतो आणि एकदा का शिजून बाहेर आला की आत रबर प्लेटला धरून आहे की सोडून राहिलं हे टॉर्चने काय, देवालाही बाहेरून दिसत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुरुस्तीच्या कामावर मला पॅड बघायला बोलावलं होतं. एका बाजूचा पॅड पोट सुटल्यासारखा फुगला होता, दुसऱ्या बाजूचा ठीक. मी विचारलं की हा बसवला तेव्हा किती जाड होता, पहिल्या वर्षी किती दबला, काही नोंद आहे का. तिथले साहेब म्हणाले, "नोंद कशाची भाऊ, पॅड आहे तो." तेव्हापासून हे डोक्यात बसलंय.

मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी पडला, त्याच्या आधीच्या ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सांगून तो वापरायला ठीक ठरवला होता. तिकडे अमेरिकेत मिनिआपोलिसचा पूल १ ऑगस्ट २००७ ला नदीत गेला, १३ माणसं गेली, त्याचीही तपासणी नियमाने होत होतीच. मी तपासणाऱ्यांना नावं ठेवत नाही, माणूस डोळ्याला दिसेल तेच लिहिणार. पण त्या मिनिआपोलिसवाल्यांनी जागेवर नवा पूल बांधला तेव्हा त्यात ३०० च्या वर सेन्सर बसवले, आणि बांधतानाच बसवले, नंतर आठवण आली म्हणून नाही. माझं सगळं म्हणणं या "बांधतानाच" शब्दावर आहे. पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आता सेन्सर म्हटलं की लोकांना वाटतं कोट्यवधीचं परदेशी मशीन. तसंच असावं लागतं असं नाही. माझी भाची इंजिनीअरिंगला आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ती माझ्या शेडमध्ये आली आणि म्हणाली, मामा, मला रबरात लोखंडाची पावडर मिसळून द्या. मी म्हटलं वेडी झाली का, रबरवाल्याला धातूची भुकटी म्हणजे वैरी. तांबं आणि मँगनीज तर नॅचरल रबराला लवकर सडवतात, आम्ही त्यांना मिक्सिंग मिलच्या जवळही येऊ देत नाही (आणि गंमत पाहा, शहर आपलं मँगनीजचं, मॉइल या मँगनीज काढणाऱ्या कंपनीचं मुख्य ऑफिस इथेच). पण तिला नॅचरल रबर नको होतं, सिलिकॉन हवं होतं, दोन डब्यांतलं मिसळून ओतायचं आणि ठेवून द्यायचं, आपोआप घट्ट होतं ते. पावडरही साधी नाही, कार्बोनिल आयर्न म्हणतात, कण काही मायक्रॉनचे, हाताला मैद्यासारखी लागते.

पहिला पॅच, म्हणजे या रबराचा चपटा तुकडा, दोन दिवस झाले तरी चिकटच. भाची रडकुंडीला आली, पावडरला दोष, कंपनीला दोष. शेवटी कळलं की दोष माझ्या शेडचा. प्लॅटिनमवर शिजणारं सिलिकॉन गंधकाच्या नुसत्या वाऱ्यानेही बिघडतं आणि माझ्याकडे तर २५ वर्षांचा गंधक भिंतीत मुरलेला! मग तिने दुसरा पॅच घरी स्वयंपाकघरात केला, नव्या भांड्यात, बहिणीच्या शिव्या खात.

यात सेन्सर कुठे आला म्हणाल तर शाळेतला प्रयोग आठवा. कागदावर लोहकीस टाकायचा, खालून चुंबक धरायचा, की कीस रांगा करून उभा राहतो. रबरात हेच कण अडकलेले असतात. रबर ओढलं की कण एकमेकांपासून दूर जातात, दाबलं की जवळ येतात, आणि त्याप्रमाणे त्या पॅचमधून चुंबकीय क्षेत्र जायला सोपं किंवा अवघड होतं. वर तांब्याच्या बारीक तारेचं चपटं वेटोळं ठेवलं की त्या कॉइलला हा फरक कळतो, तिचा इंडक्टन्स, म्हणजे करंटने चुंबकीय क्षेत्र तयार करायची ताकद, बदलतो. इंडक्टन्स मोजणारं सर्किट भाचीने आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर बनवलं आणि तार आली कूलरच्या मोटर रिवाइंड करणाऱ्याच्या दुकानातून. आणखी एक युक्ती तिने दाखवली, सिलिकॉन ओलं असतानाच दोन्ही बाजूंनी तगडे चुंबक लावून ठेवायचे, म्हणजे आतली पावडर रांगेत उभी राहते आणि तशीच घट्ट होते. तीच पावडर, तेच रबर, पण रांगेतला पॅच एका दिशेचा ताण जास्त ओळखतो. २५ वर्षं रबर शिजवून मला हे माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

हा झाला एक प्रकार. दुसऱ्यात कण दूर-जवळ होण्याची वाट पाहत नाहीत, कणाचं स्वतःचं चुंबकत्वच ताणाने बदलतं. तुमच्या गल्लीतली डीपी गुणगुणते ना, ते याच कुळातलं. जूलने १८४२ मध्ये दाखवलं की लोखंडाला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याची लांबी किंचित बदलते. डीपीतले लोखंडी पत्रे ५० हर्ट्झच्या करंटवर सेकंदाला १०० वेळा असे लहान-मोठे होतात म्हणून ती हूं हूं करते. व्हिलारी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये उलटं दाखवलं, लोखंडाला ताण द्या, त्याचं चुंबकत्व बदलतं. म्हणजे लोखंड स्वतःच सांगतं की मला कोण ओढून राहिलं, ऐकणारा पाहिजे. साध्या लोखंडात लांबीचा हा फरक दहा लाखात वीसेक भाग, फार कमी. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेने टर्फेनॉल-डी नावाचा मिश्रधातू काढला, टर्बियम, डिस्प्रोसियम आणि लोखंड, त्यात तोच फरक हजाराच्या वर जातो. पण तो ठिसूळ आणि महाग, आणि टर्बियम-डिस्प्रोसियमच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ पासून परवान्याचं कुलूप लावलंय. ठिसूळपणावर उपाय म्हणजे त्याची भुकटी करून एपॉक्सीत, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या गोंदात, मिसळायची. पिलर मजबूत करायला कार्बन फायबरचं कापड एपॉक्सीने गुंडाळतात ते तुम्ही पाहिलं असेल, त्या एपॉक्सीतच अशी पावडर असली तर गुंडाळलेला सगळा थरच सेन्सर होतो, बाहेरून कॉइल फिरवायची आणि कुठे ताण जास्त, कुठे थर सुटला ते शोधायचं. आत वायर नाही, बॅटरी नाही. मला या सगळ्यात हेच सगळ्यात आवडलं. नेहमीच्या स्ट्रेन गेजचा, त्या ताण मोजायच्या, पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान पट्टीचा, त्रास वायरचाच असतो. एका पावसाळ्यात पट्टी सुटते, दुसऱ्यात वायर चोरीला जाते.

आता मोजायचं काय आणि किती, कारण इथेच सगळे फसतात. स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या मानाने किती लांबलं. एक मीटर लांबी केसाच्या जाडीएवढी, ०.१ मिलिमीटर वाढली की झाला १०० मायक्रोस्ट्रेन. काँक्रीट ओढलं तर साधारण १००-१५० मायक्रोस्ट्रेनलाच चिरतं. म्हणजे जी गोष्ट पकडायची ती केसाएवढी. १२० ओहमच्या स्ट्रेन गेजमध्ये एवढ्याने फरक पडतो ०.०२४ ओहमचा. आमच्या मऊ रबरी पॅचची तर एवढ्याने झोपही मोडत नाही. भाचीने पॅच आधी लोखंडी पट्टीवर चिकटवला, पट्टी व्हाइसमध्ये आडवी धरली आणि टोकाला किराणावाल्याकडून मागून आणलेली पाच किलोची वजनं लटकवली. आकडे नुसते नाचत होते. नंतर लक्षात आलं की कॉइल पॅचपेक्षा खालच्या लोखंडी पट्टीचंच ऐकून राहिली. मग भंगार बाजारातून अॅल्युमिनियमची पट्टी आणली, ती बरीच जास्त वाकली, तेव्हा कुठे वजनासोबत आकडा हलायला लागला. काँक्रीटमध्येही हीच अडचण आहे, आत सळया असतात आणि सळई कॉइलला दिसतेच. वजन काढल्यावर आकडा लगेच परत येत नाही ही आणखी एक खोड, रबर आहे ते, आळस देत देत येतं.

आणि मग मे महिना लागला. शेड पत्र्याची. पट्टीवर काहीही लटकवलेलं नाही, तरी सकाळी १० पासून दुपारी ३ पर्यंत आकडा सरकतोय तो सरकतोच, आम्ही पाच किलो लटकवून जेवढा हलत होता त्याच्यापेक्षा जास्त. भाची कपाळाला हात लावून म्हणाली, "मामा, हे त उन्हाले मोजून राहिलं, वजनाले नाही!"

संपादक साहेब, पत्र कापायचं असेल तर खुशाल कापा पण हा उन्हाचा भाग ठेवा. हिवाळ्यातल्या पहाटे आपल्याकडे पारा १० च्या आसपास येतो आणि मेमध्ये ४५ च्या वर जातो, ३५ डिग्रीचा फरक. काँक्रीट एका डिग्रीला दहा लाखात साधारण १० भाग वाढतं. हवेइतकंच काँक्रीटही तापलं-थंडावलं असं धरलं तर झाले ३५० मायक्रोस्ट्रेन, आणि ३० मीटरचा गर्डर सेंटिमीटरभर लांब. ट्रक गेल्यावर जो फरक पडतो तो याच्यापुढे चिल्लर. बरं, ही वाढ म्हणजे ताण नव्हे, गर्डरला सरकायला जागा असेल तर तो आरामात वाढतो आणि परत येतो, त्यासाठीच खाली आमचे पॅड आणि वर एक्स्पान्शन जॉइंट असतात. ताण येतो तो जागा नसेल तेव्हा, म्हणजे जॉइंटमध्ये माती-गिट्टी भरून तो जाम झाला असेल, किंवा पॅड कडक पडला असेल. सिलिकॉन तर लोखंडाच्या वीसेक पट फुगतं, शिवाय कॉइलचं तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो ते वेगळंच. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या शहरातल्या एका ऑटोमॅटिक केंद्राने ५६ डिग्री दाखवले होते, व्हॉट्सअॅपवर दोन दिवस तेच, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पुलावरच्या सेन्सरने असं काही केलं तर एक तर गावभर घबराट, नाही तर उलटं, दोनदा खोटं बोलला म्हणून तिसऱ्यांदा खरं सांगेल तेव्हा कोणी बघणार नाही. मला दुसरी भीती जास्त.

उपाय आहे, जुनाच आहे. एकाच घाण्यातले दोन पॅच घ्यायचे, एक चिकटवायचा, दुसरा त्याच्याच शेजारी तसाच मोकळा ठेवायचा. ऊन दोघांना सारखं, ताण फक्त एकाला, मग दोघांच्या आकड्यांतला फरक बघायचा. आम्ही तेच केलं आणि दुपारचं सरकणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. अशा वेळी निदान टेम्परेचर सोबत लिहून ठेवलंच पाहिजे, म्हणजे जानेवारीचा आकडा जानेवारीशी ताडता येतो.

या सगळ्यातून मला जे कळलं ते असं की मऊ रबराचा पॅच काँक्रीटची केसाएवढी चीर पकडायला लावू नका, तिथे एपॉक्सीवाला प्रकार किंवा साधा स्ट्रेन गेज लावा. रबराला रबराचं काम द्या. बेअरिंग पॅड मिलिमीटरमध्ये दबतो आणि सरकतो, तिथे स्ट्रेन केसाएवढा नसतो, डोळ्याला दिसेल एवढा असतो, आणि पॅडच्या कडेला लोहकण भरलेली एक पट्टी सोबतच मोल्ड करणं हे प्रेसवाल्याला अजिबात अवघड नाही, डायमध्ये एक खाच वाढवायची बस. आतल्या लोखंडी प्लेटा कॉइलच्या मध्ये येतील म्हणाल तर येतील, पण त्याही पॅड दबला की एकमेकींच्या जवळच येतात, भाची म्हणते मग त्यांचाही उपयोग करून घेऊ. तिचं हे म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. एक्स्पान्शन जॉइंटच्या रबरातही हेच करता येईल, जॉइंट उघडतो-मिटतो की जाम झालाय ते कळेल. पूर आला, पायाखालची माती वाहून गेली तर मात्र हा पॅच काही करू शकत नाही, तसं कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता "बांधतानाच" वर येतो. हे सगळे सेन्सर फक्त बदल सांगतात. लेकराची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतो तसं आहे, पहिली खूणच केली नाही तर आज तो किती वाढला ते कसं सांगणार. वीस वर्षं जुन्या पिलरवर आज पॅच लावला तर तो आजपासून पुढचं सांगेल, त्या पिलरने आधीच किती सोसलंय ते नाही. ते सांगता येतं फक्त गर्डर ठेवण्याआधीचा आकडा घेतला असेल तर, मग गर्डर ठेवल्यावर एक, वरचा स्लॅब झाल्यावर एक, आणि लोड टेस्टला भरलेले ट्रक उभे करतात तेव्हा एक. ट्रकचं वजन माहीत असतं, म्हणजे कॅलिब्रेशन, कोणत्या वजनाला किती आकडा ही जुळणी, फुकटात. अशी संधी पुलाच्या जन्मात एकदाच येते आणि आपण त्या दिवशी फीत कापून, फोटो काढून, पेढे खाऊन घरी येतो.

आणि आपल्या शहरात सध्या बांधकामाला तोटा आहे का? वर्धा रोडचा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर झाला, खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो, सगळा भार एकेका पिलरवर. कामठी रोडचा त्याहून लांब झाला. त्यांचा गिनीजमध्ये नंबर लागला याचा मलाही अभिमान आहे, पाहुणे आले की मी मुद्दाम तिकडूनच नेतो. आता जिथे अजून गर्डर चढायचे आहेत अशी कुठलीही एक साइट घ्या, फक्त चार पॅड कण भरलेले बसवा आणि चार साधे. मोजायला व्हीएनआयटी हे इंजिनीअरिंग कॉलेज आहे, दक्षिण अंबाझरी रोडवरच. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तपासून पाहायचं तर वाडीला अॅल्युमिनियमचंच रिसर्च सेंटर बसलंय. सिलिकॉन आणि एपॉक्सी बाजारात मिळतं. पावडर मागवावी लागते पण चार पॅडना लागते किती. रबरवाले हिंगण्याला आणि बुटीबोरीला आहेत. नाही आहे ती फक्त टेंडरमध्ये एक ओळ, की बेअरिंगचा पहिला आकडा, तारीख आणि त्या वेळचं टेम्परेचर लिहून ठेवावं आणि दर वर्षी त्याच महिन्यात परत घ्यावं. सेन्सर आमचा नको असेल तर दुसऱ्याचा घ्या, तोही नको तर वर्नियर कॅलिपरने पॅडची जाडी तरी घ्या. पण घ्या.

आणि तो आकडा फाइलमध्ये बांधून ठेवू नका. पिलरवर पानाच्या पिचकाऱ्या आणि "प्लॉट विकणे आहे"चे बोर्ड चालतात, तर तिथेच एक पाटी लावा, बेअरिंग क्रमांक अमुक, बसवताना जाडी इतकी, यंदा इतकी. सिग्नलला थांबलेला माणूस वाचेल तरी.

मागे एका साइटवर मी हे तोंडी सांगितलं तर तिथला एक तरुण इंजिनीअर म्हणाला, काका, कल्पना चांगली आहे पण आकडा वाईट आला तर जबाबदारी कोणाची? तो प्रामाणिकपणे विचारत होता. मी त्याला म्हटलं की बाप्पा, बीपीचं मशीन घरात ठेवलं म्हणून बीपी वाढत नसतं. तो हसला, पण फाइल पुढे गेली नाही.

भाचीचं प्रोजेक्ट झालं, तिने रिपोर्टमध्ये उन्हाचं प्रकरण जसंच्या तसं लिहिलं, आकडे न चोपडता, त्याबद्दल तिचे सर तिला काय म्हणाले ते ती सांगत नाही. पट्टी अजून माझ्या शेडमध्ये व्हाइसला लागलेली आहे, दोन्ही पॅच शेजारी-शेजारी, आणि मी रोज दुपारी ३ वाजता आकडा आणि डिग्री वहीत लिहून राहिलो, आता दुसरा उन्हाळा. कोणाला ती वही पाहायची असेल तर या, चहा आहे. आणि कुठल्या साइटवाल्याला चार पॅड ट्रायलला हवे असतील तर रबर आणि मजुरी माझ्याकडून, पहिल्या दिवशीचा आकडा घ्यायला तेवढं बोलवा.

आपला,
एक रबर मोल्डिंगवाला
हिंगणा एमआयडीसी, नागपूर